माहेरची काडी

तात्यापारा, रायपूर
१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

अनुश्री,

'चिरंजीव सौभाग्यवती'पासून सुरुवात केली अन् कागद फाडला. मग 'प्रिय' लिहिलं, तोही फाडला. मी तुले जन्मात कधी प्रिय म्हटलं नाही, आता म्हटलं तर तुले वाटेल बाप आजारी पडला. मी ठणठणीत आहे. म्हणून नुसतं नाव.

फोनवर तू मले ब्लॉक केलं, ठीक आहे. पोस्टमनले काय ब्लॉक करशील? नागपूर काही लंडन नाही, दोन-तीन दिवसांत कागद पोचते.

कामाचं लिहितो. तुझ्या बारावीच्या मार्कशीटपासून सारे कागद इथं लोखंडी पेटीत पडून आहेत. वाळवी लागायच्या आत घेऊन जा. तेवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

आता लिहायले बसलोच आहे तर अजून एक. काल पंडरीले चादर घ्यायले गेलो होतो. दुकानदार चादरीवर चादर उलगडून राहिला होता अन् मले एकदम वास आला. कपड्याच्या बाजारात वास येते तो कोऱ्या कपड्याचा, नाहीतर गाड्यांच्या धुराचा. हा तो नव्हता. मी बाहेर येऊन वर पाहिलं. दुकानावरच्या गच्चीतून एक फांदी खाली लोंबत होती, तिच्यावर तीन फुलं. बाहेरून फिकी, आतून दाट गुलाबी, पाकळ्यांची एवढी दाटी की मधलं काही दिसत नाही. तुझ्या आईचा गुलाब, पोट्टी! मागून स्कूटरवाला ओरडला, 'अंकल, साइड!' तरी माझे पाय हलेनात.

म्हाताऱ्याले भास झाला म्हणशील. रेल्वेत चौतीस वर्षं मी डब्यांची चाकं हातोडीनं ठोकून आवाजावरून तडा ओळखला आहे. माझं पाहणं चुकत नाही. लग्न होऊन आर्वीवरून आली तेव्हा तुझ्या आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून जी काडी आणली होती, तिचंच ते झाड. तिच्या आईनंही आपल्या माहेरून तशीच आणली होती.

अंगणातली झाडं मी काहून काढली ते तुले माहीत आहे. स्कूटर ठेवायले जागा नव्हती, पावसाळ्यात साप निघत. फरशी बसवली, अंगण साफ झालं. त्यासाठी तुझ्या तोंडून 'बाबा' ऐकून एकवीस महिने व्हावे, एवढं काही ते मोठं नव्हतं. माफी मी मागणार नाही.

कागद घेऊन जा.

श्यामराव
(तुझा बाप)


१ डिसेंबर २०२४

अनुश्री,

तू आली नाहीस. पत्र मिळालं का नाही, देव जाणे.

मी त्या गच्चीवर गेलो. तीन वेळा दुकानापर्यंत जाऊन परत फिरलो, चौथ्या वेळी जिना चढलो. तिथं शर्मिष्ठा म्हणून बाई राहतात, खालचं दुकान त्यांच्याच घरचं. मी म्हटलं, 'मैं एक रिटायर्ड आदमी हूँ, गुलाब की दो-चार काडी मिलेगी क्या?' बाईनं मले नखशिखांत पाहिलं. 'आप कुसुम दीदी के मिस्टर हो ना? जिन्होंने सब कटवा दिया?'

काय सांगू! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मले.

पण बाईनं कात्री आणली. पेन्सिलीएवढ्या जाड सहा काड्या कापल्या, खालून तिरप्या, वरून सरळ. 'तिरछा वाला मिट्टी में, उल्टा मत लगा देना.' मी म्हटलं, 'थँक्यू.' बाई भडकलीच. 'वापस लो! थँक्यू बोला तो लगेगा नहीं. दीदी बोलती थी, काडी लो और मुँह बंद करके घर जाओ.' आता थँक्यू परत कसा घेतात, मले काय माहीत? 'नहीं नहीं, थँक्यू नहीं,' असं म्हणत जिना उतरलो. तुझ्या आईसोबत छत्तीस वर्षं संसार केला, अन् हा नियम मले परक्या बाईनं सांगावा!

दुधाच्या पिशव्या धुतल्या, बुडाले भोकं पाडली, अर्धी रेती अर्धी माती भरली, तुझी आई भरे तशी. काड्यांची पानं काढून त्या लावल्या अन् मागच्या छपरीत सावलीले ठेवल्या.

अन् आता ऐक. नवव्या दिवशी कोंब फुटले! लाल लाल, मुंगीच्या डोक्याएवढे. दोन दिवसांत त्यांची पानं झाली, दातेरी कडांची, चांगली गुलाबाची पानं. मी स्टूल घेऊन समोर बसलो तो बसलोच, चहा थंडा झाला तरी. ना मूळ, ना खोड, झाड तिकडं पंडरीत, अन् ही तुटलेली काडी माझ्या छपरीत पानं काढून राहिली! मी सारी जिंदगी लोखंडात काढली. डब्याचा बोल्ट काढून मातीत पुरला तर त्याचा डबा होते का? इथं होऊन राहिलं आहे, माझ्या डोळ्यासमोर होऊन राहिलं आहे. तुझी आई हे दरवर्षी करे अन् मी पेपर वाचत बसलेला असो.

सहाच्या सहा लागल्या. तू ये. कागदांचं राहू दे. त्यातली एक तुझी.

श्यामराव


१५ डिसेंबर २०२४

अनुश्री,

येऊ नको. सहाही मेल्या.

उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग, दुसरं काय. आठवड्यात पानांनी माना टाकल्या, काड्या खालून काळ्या पडल्या. घेऊन गेलो दयारामकडे. दयाराम म्हणजे आपल्या रस्त्याच्या तोंडावर नर्सरी लावते तो म्हातारा, तुझी आई त्याच्याकडून शेणखत घे. त्यानं एक काडी हातात घेतली, बुड पाहिलं अन् म्हणाला, 'साहब, पत्ता तो लकड़ी अपने पेट से निकाल लेती है. पत्ता देख के खुश नहीं होना. जड़ अलग चीज है.' मग दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. 'ये नीचे का छिलका किसने घिसा?'

आता तुले सांगतो, तूच म्हणशील बापाले अक्कल नाही. मी घासलं. रोज सकाळी आठ वाजता एक-एक काडी उपटून काढत होतो, धुऊन, चष्मा लावून मूळ आलं का पाहत होतो, डायरीत लिहून परत खोचत होतो. गाडी यार्डात आली की चाक न् चाक तपासल्याशिवाय पुढं सोडायची नाही, चौतीस वर्षं हेच केलं. मले वाटलं, काळजी घेणं म्हणजे हेच.

दयाराम हसता हसता खोकायले लागला. 'हव साहब! रोज उखाड़ के देखोगे तो बेचारी जड़ कब धरेगी? लकड़ी ला अपन काम करन दे.' मग एका काडीचं बुड त्यानं माझ्या नाकासमोर धरलं. तिरप्या कापावर पांढरे दाणे जमले होते, साबुदाण्यासारखे. जखम अशी भरून येते म्हणे, अन् मग तिथूनच मूळ फुटते. 'दो-चार दिन की बात थी,' तो म्हणाला. ते दाणे माझ्याच बोटांनी घासले गेले होते. मी त्याच्या रिकाम्या कुंड्यांवर बसून गेलो.

तिथं बसल्या बसल्या मले तू आठवलीस. तुझी वही दाखव, बॅग दाखव, मोबाइल दाखव. कोणत्या बसनं आलीस, तिकीट दाखव. तुझी आई म्हणे, 'पोट्टीले श्वास तर घेऊ द्या.' मी म्हणो, 'मी काय गळा धरला का तिचा?' तुले रोज उपटून पाहिलं मी, अनुश्री. तू जगली हे तुझ्या आईचं कर्तब.

अन् त्या दिवशीचं. तुझं लग्न कोरोनात झालं, कोर्टात, दहा माणसांत. पाठवणी अशी झालीच नाही, म्हणून तुझी माहेरची काडी राहून गेली. आई म्हणाली थंडीत देईन. पहिली थंडी तुझ्या नोकरीत गेली, दुसरीत ती गेली. तेराव्याच्या दुपारी तू सदर बाजारातून भांडी घेऊन परत आलीस, तुझ्या पिशवीत ओला फडका होता. अंगणात झाडं नव्हती. ठेलेवाला सारं घेऊन गेला होता. तू ते पाहिलंस. फडका पिळला, दोरीवर वाळत टाकला, बॅग उचलली अन् स्टेशनवर गेलीस.

फडका मी अजून काढला नाही.

श्यामराव


२२ डिसेंबर २०२४

अनुश्री,

आज जे पाहिलं ते तुले सांगितल्याशिवाय राहवत नाही. तू वाच नाहीतर चुलीत घाल.

परत काड्या मागायले शर्मिष्ठाबाईकडे गेलो, खाली मान घालून. मेल्या म्हणून सांगितलं, काहून मेल्या तेही सांगितलं. बाई हसली नाही. म्हणाली, 'मेरा भी पहला वाला मर गया था. दीदी दूसरा लेके आई.' मी विचारलं, ती इथं येत होती? 'गुरुवार को. थैली में पौधे लेके निकलती थी, जिसका मर गया उसको दूसरा देती थी.'

गुरुवारी ती मंदिरात जाते असं मी समजत होतो. छत्तीस वर्षं!

बाईनं एका पिशवीच्या कागदावर घरं लिहून दिली. आज सकाळी निघालो. सदर बाजारात एका सोनाराच्या माडीवर, तेलाच्या डब्यात. रेल्वे कॉलनीत, ज्या क्वार्टरमध्ये आपण तू दुसरीत असेपर्यंत राहिलो, त्याच्याच शेजारच्या फाटकापाशी, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. एका शाळेमागं, शाळेत डबे करणाऱ्या बाईच्या दारात. कागदावर नव्हती अशीही घरं निघाली, कारण एक जण म्हणे तिकडच्या गल्लीत पण आहे, आम्हीच दिलं. मी म्हटलं, तुम्ही दिलं? तर म्हणे, 'दीदी बोली थी, एक रखो तो एक बाँटो.' दुपारपर्यंत माझे गुडघे बोलायले लागले, तरी थांबवेना. ज्या दारात जाऊ तिथं तीच फुलं, तोच वास. अरे बाप्पा, एका फडक्यातल्या काडीचं केवढं हे!

सगळ्यात शेवटी आपल्याच तात्यापाऱ्यात, आपल्यापासून चौथी गल्ली. गंगाधर म्हणून म्हातारे गृहस्थ आहेत, आपल्याच लोकांतले. ओसरीवर मले खुर्ची दिली. आम्ही बोलून राहिलो होतो, तेवढ्यात आतून त्यांच्या सुनेनं आवाज दिला, 'बाबूजी, कुसुम को पानी दिया क्या?'

मी उभाच झालो. गंगाधरराव म्हणाले, 'अहो, बसा. ज्यांनी दिलं त्यांच्याच नावानं आम्ही या झाडाले हाक मारतो.' मी म्हटलं, मी तिचा नवरा. ते उठून आत गेले. मग माझ्या हाती पाण्याचा लोटा दिला अन् मी तुझ्या आईले पाणी घातलं.

मले तिनं हे कधी सांगितलं नाही. मी विचारलंच नसेल. अन् विचारलं असतं तर काय विचारलं असतं? कुठं गेली होतीस, कोणासोबत, किती वाजता निघालीस. तिनं बरं केलं, नाही सांगितलं.

चार काड्या आणल्या. थँक्यू म्हटलं नाही. दयारामनं युक्ती सांगितली: काडी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या ग्लासात लावायची, बाहेरून पेपर गुंडाळायचा. पाहायचंच असेल तर पेपर काढून पाहायचं. हात लावायचा नाही. मी रविवार ठरवला, आठवड्यातून एकदा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुझी आई म्हणे माझ्याबद्दल. पाहू.

श्यामराव


३० जानेवारी २०२५

अनुश्री,

रविवार नाही, गुरुवार आहे. राहवलं नाही, पेपर काढला. पण हात लावला नाही, शपथ.

चारपैकी दोन वाळल्या, एक काळी पडली. चौथीले एकही पान नव्हतं. बाकीच्यांनी मरायच्या आधी पानं काढली, हिनं काहीच नाही, नुसती हिरवी उभी. मी हिले सोडल्यातच जमा केलं होतं.

पेपर काढला तर ग्लासाच्या आतून एक पांढरा दोरा. मले वाटलं बुरशी. चष्मा पुसला. दोरा वरून खाली आला होता, रेतीचे दाणे बाजूले सारत, ग्लासाच्या कडेले टेकला होता अन् तिथून वळला होता. मूळ! त्याच्या मागं अजून दोन, त्यांच्यावर पिठासारखी बारीक लव.

मी काय केलं सांगू? रडलो. तुझी आई गेली तेव्हा लोकांसमोर रडलो नव्हतो, तर ते सारं आता छपरीत निघालं, एका प्लास्टिकच्या ग्लासासमोर. शेजारची गंधाली धावत आली, 'क्या हुआ, काका?' मी बोट दाखवलं. तीही बसली खाली. 'बाप रे,' एवढंच म्हणाली. ती मराठी पोट्टी माझ्याशी हिंदीत बोलते, पण बाप रे मराठीतच निघालं.

मी विचार करून राहिलो आहे. त्या लाकडाले कोणी सांगितलं, आता तुझं झाड गेलं, आता तूच झाड हो? खालचं टोक कोणतं अन् वरचं कोणतं, हे तिले अंधारात कसं समजलं? चाळीस दिवस बाहेरून पाहणाऱ्याले वाटे, मेली. अन् ती आत काम करून राहिली होती. मी देवाले हात जोडतो ते सवयीनं. आज पहिल्यांदा असं वाटलं की कोणापुढं तरी जोडले.

ये म्हणत नाही. आहे, एवढं कळवतो.

बाबा


१६ फेब्रुवारी २०२५, दुपार

अनुश्री,

तू आतल्या खोलीत झोपली आहेस अन् मी बाहेर बसून तुले पत्र लिहून राहिलो. हसशील. पण समोर मले बोलता येत नाही, हे काल पाहिलंस ना? दोन वर्षांनी तू दारात उभी राहिलीस, अन् मी काय म्हटलं? 'गाडी लेट होती का?' तू म्हणालीस, 'बाबा, मी बसनं आले.' मी तिकीट मागितलं नाही, एवढंच माझं नशीब.

तू छपरीत गेलीस, ग्लासासमोर मांडी घालून बसलीस. पेपर काढलास, पाहिलंस, परत गुंडाळलास. आज जेवताना मले सरळ विचारलं, 'बाबा, झाडं काहून तोडलीत?' अन् मी परत तेच, स्कूटर अन् साप. तू ताट तसंच ठेवून उठलीस.

खरं लिहितो. हे मी कोणाले सांगितलं नाही.

तेराव्याच्या सकाळी मी अंगणात गेलो. रात्रीतून सारं झाड फुललं होतं. एवढी फुलं त्याच्यावर कधी आली नव्हती, पानं दिसत नव्हती. घरभर वास. ज्या खोलीतून तिले उचलून नेलं तिथंही तोच वास. मले राग आला. सापाचा नाही, जागेचा नाही, त्या झाडाचा. झाडालेच म्हटलं, जिनं तुले जिवापाड जपलं ती गेली, अन् तू तेरा दिवस सुतक पण पाळत नाहीस? मी जाऊन कुऱ्हाडवाल्याले घेऊन आलो. तो म्हणाला, 'साहब, फूल तो उतार लो.' मी म्हटलं, काट.

तू काडी मागणार हे मले माहीत होतं, अनुश्री. सकाळी फडका भिजवताना तुले पाहिलं होतं. हे मी दोन वर्षं लपवलं. त्या वेळी मले वाटलं, माझं सारं गेलं तर कोणाचंच काही राहू नये.

दयाराम मागच्या आठवड्यात बोलता बोलता म्हणाला, गुलाब फुलते ते छाटणीवर. डिसेंबरात छाटला तर फेब्रुवारीत झाड भरून येते. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या डिसेंबरात, दवाखान्यात जायच्या आधी, तिले दम लागत होता तरी ती कात्री घेऊन अंगणात गेली होती. मी तिच्यावर ओरडलो होतो, 'मरायचं आहे का?' ती फुलं तिनंच लावून ठेवली होती. आपल्यासाठी. मी तिच्या हातचं शेवटचं काम कापून ठेल्यावर टाकलं, अन् तुझं माहेर तोडलं.

माफी मागणार नाही असं लिहिलं होतं. मागतो. तू द्यावीच असं नाही.

ग्लास घेऊन जा. एकच आहे, तुझीच आहे. मुळं चारी बाजूंनी फिरली आहेत, उन्हाळा लागायच्या आत कुंडीत लाव. इथल्या अंगणाचं मी पाहतो. फरशीचे चार चौकोन फोडले आहेत, पुढच्या थंडीत शर्मिष्ठाबाईकडे परत जाईन.

आतून बांगड्यांचा आवाज आला, उठलीस वाटते. गॅसवर गंजात चहाचं पाणी ठेवलं आहे अन् साखरेचा डबा समोर घेऊन बसलो आहे. घरात चहा तुझी आई करे. तुझी बॅग तपासली, वह्या तपासल्या, पण तू चहात साखर किती घेतेस, हे मी तेहतीस वर्षांत कधी पाहिलं नाही. बाहेर ये अन् सांग, बेटा. किती टाकू?